पुलाअलीकडची ठेव

विल्डा केसनर या बाईचा राग नाकावर असतो, आणि नाक तसं चांगलं मोठं आहे. गांडुळांच्या डब्याचं झाकण कुणी उघडं टाकलं की ओरडते. कॉफीत चमचा तसाच सोडला की ओरडते. वय एकाहत्तर, उंची जेमतेम पाच फूट, पण ती ओरडली की सहा फुटी लाकूडतोडे टोपी काढून उभे राहतात. पोटोमॅक नदीवरच्या पुलाच्या अलीकडे, वेस्ट व्हर्जिनिया राज्य जिथं संपतं त्या अगदी शेवटच्या इमारतीत तिचं दुकान आहे. गळाला लावायची गांडुळं, जिवंत छोटे मासे, दोरा, शिसं, दिवसभर कॉफी, आणि सकाळी तिनं स्वतः भाजलेले पेपरोनी रोल, म्हणजे आत तिखट सॉसेज भरलेले पाव. एवढ्यावर दुकान चालतं असं कुणाला वाटत असेल तर खुशाल वाटू दे. लोक तिथं थांबतात ते मागच्या भिंतीशी उभ्या असलेल्या कपाटासाठी, आणि त्या कपाटाचं ती कुणाकडून काही घेत नाही.

कपाट आमच्या खोऱ्यातल्या शाळेचं. शाळा बंद पडली तेव्हा सामान लिलावात निघालं, त्यात पोरांची दप्तरं ठेवायचं हे चोवीस खणांचं लोखंडी धूड विल्डाबाईनं उचललं. प्रत्येक खणाला कडी, कडीला कुलूप. आत पिस्तुलं असतात. लोकांची.

हे सगळं पुलामुळे. इकडे लग्न केलेलं तिकडे मेरीलँडमध्येही लग्नच असतं. इकडचा गाडी चालवायचा परवाना तिकडे चालतो. कुत्र्याला इकडे टोचलेली लससुद्धा तिकडे चालते. पण कमरेला लपवून पिस्तूल बाळगायचा इकडचा परवाना पुलाच्या तोंडाशीच मरतो. पुढची शंभर पावलं चाललात की तुम्ही सभ्य गृहस्थ राहत नाही, गुन्हेगार होता. आणि नेमकं सगळं पलीकडे! मोठं हॉस्पिटल पलीकडे, दातांचा डॉक्टर पलीकडे, स्वस्त किराणा पलीकडे. दर निवडणुकीला कुणीतरी काउंटरला टेकून सांगतो की आता कायदा येतोय, एका राज्याचा कागद पन्नास राज्यांत चालणार. विल्डाबाई म्हणते, येईल तेव्हा येईल, तोवर खणात ठेव आणि झाकण लाव त्या डब्याला.

हे कपाट सुरू झालं रोनेला हॉटमुळे. रोनेला घरोघर जाऊन म्हाताऱ्या आजाऱ्यांचं करणारी नर्स, दोन लहान मुली, नवरा सोडून गेलेला. एकटी बाई, रात्रीअपरात्री डोंगरातल्या घरांवर जायची, म्हणून तिनं पिस्तुलाचा रीतसर वर्ग केला, परवाना काढला, पर्समध्ये छोटं पिस्तूल ठेवायला लागली. एका सकाळी पूल ओलांडला आणि गाडीचा मागचा दिवा गेलाय म्हणून तिकडच्या पोलिसानं थांबवलं. आता आमच्याकडे वर्गात शिकवतात की पोलिसानं थांबवलं तर हात स्टिअरिंगवर ठेवायचे आणि आपण होऊन आधी सांगायचं. यालाच आमच्याकडे चांगलं वळण म्हणतात. रोनेलानं गोड आवाजात सांगितलं, साहेब, पर्समध्ये पिस्तूल आहे, हा माझा परवाना. कार्ड पुढे केलं, अगदी कौतुकानं. ती गप्प बसली असती तर तिची पर्स कुणी उघडलीही नसती. तिच्या हाताला बेड्या पडल्या, मागच्या सीटवर पेशंटची औषधं तशीच राहिली. खटला अकरा महिने चालला. तुरुंगात गेली नाही, पण काम गेलं, आणि पोरींना घेऊन ती आईकडे जाऊन राहिली.

त्या सकाळी रोनेलानं विल्डाबाईच्याच दुकानात कॉफी घेतली होती. पर्स काउंटरवर होती. पर्स जड आहे हे विल्डाबाईला दिसलं होतं, आणि ती काही बोलली नव्हती. तेव्हापासून पुलाकडे तोंड करून उभी असलेली गाडी दिसली की ती दारात येऊन विचारते, "पलीकडे चाललास? कमरेला काय आहे?" अनोळखी माणसालाही विचारते. काही जण चिडतात. बहुतेक जण आठवड्याभरात परत येऊन आभार मानतात, आणि बाई त्यांना आभारापेक्षा रोल घ्या म्हणून सांगते.

तिचा नियम एकच. ठेवणाऱ्यानं गोळ्या काढून ठेवायचं, आणि मागितलं की तिनं मुकाट द्यायचं. का ठेवलं, कुठं गेला होता, उशीर का झाला, एक शब्द नाही. सरकारी माणसाकडे कुणी आपलं पिस्तूल सुखासुखी ठेवणार नाही, विल्डाबाईकडे ठेवतात, ते या नियमावर. तेरा वर्षांत तिनं तो एकदाही मोडला नव्हता.

हार्लन बोलयार्ड मात्र रोजचा होता. कागदाच्या गिरणीतून निवृत्त झालेला, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, काठीसारखा सरळ माणूस. त्याची बायको ओपल हॉस्पिटलात होती, हृदय थकलं होतं तिचं. ऑगस्टच्या शेवटापासून तो रोज सकाळी नवाला यायचा, पिस्तूल अकरा नंबरच्या खणात ठेवायचा, कॉफी घेऊन पूल ओलांडायचा. चारला परत. विल्डाबाईनं त्याला एकदा झापलं होतं, की अरे बाबा, रोज रोज इथं ठेवतोस त्यापेक्षा घरीच का नाही ठेवत? तो म्हणाला, पँट घातली की पट्टा घालतो, पट्टा घातला की ते घालतो, आता या वयात नवीन काय शिकू. ते खरं होतं, पण अर्धंच. चारला आला की तो काउंटरपाशी पाऊण तास उभा राहायचा. आज ओपलनं दोन चमचे खीर खाल्ली, आज तिनं नर्सला दटावलं, आज तिनं विचारलं की कोंबड्यांना दाणे कोण टाकतंय. रिकाम्या घरी जाण्याआधी हे सांगायला त्याला कुणीतरी लागत होतं. विल्डाबाईला ते कळत होतं. ती रोल मोजत मोजत ऐकायची आणि मधूनच ओरडायची की कप खाली ठेव, गार झाली ती कॉफी. हार्लन आणि ती एकाच शाळेत शिकलेली, तो सात वर्ग पुढे. तिला तो आवडायचा. कसा, ते तिनं कधी खोदून पाहिलं नाही. आवडायचा एवढंच.

ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी हार्लन चारऐवजी अकराला परत आला.

दुकानात कुणी नव्हतं. तो आत आला, टोपी काढली, आणि म्हणाला की ओपल गेली, सकाळी सव्वानऊला, झोपेतच. तो पोचला तेव्हा संपलं होतं. विल्डाबाईनं काउंटरला वळसा घालून त्याचे दोन्ही हात धरले. ते गार होते. तिला रडू आलं, त्याला नाही आलं. तो अगदी नीट बोलत होता. मुलीला टेक्सासला फोन केला, ती शनिवारी पोचेल. दफनाचं चर्चमध्ये बोललो. मग म्हणाला, "कोंबड्या तू घेऊन जा, विल्डा. सगळ्या. तुला दिलेलं ओपलला आवडेल. आणि माझ्या गळाच्या काठ्या आहेत ना, चांगल्या दोन, त्याही इथं आणून टाकतो, विकून टाक."

"आणि आता माझं पिस्तूल दे," तो म्हणाला.

विल्डाबाईचा हात सवयीनं गळ्यातल्या किल्ल्यांकडे गेला आणि तिथंच थांबला. हा असला शांतपणा तिनं एकदा पाहिला होता. तिचा धाकटा भाऊ एमेट, खाणीतून काढून टाकल्यावर, असाच एका सकाळी हसून आला होता, आणि आपला जिवापाड जपलेला शिकारी कुत्रा शेजाऱ्याला देऊन गेला होता. घरच्या सगळ्यांना वाटलं, चला, सावरला पोरगा. संध्याकाळी एमेट जिवंत नव्हता. चाळीस वर्षं झाली त्याला. त्यानं कुत्रा देऊन टाकला त्याचा अर्थ आपण कसा ओळखला नाही, हे विल्डाबाईनं स्वतःला इतक्या वेळा विचारलंय की आता तिला ते विचारल्याशिवाय झोप लागत नाही.

"आज नाही देत," ती म्हणाली.

त्याला वाटलं किल्ली हरवली. ती म्हणाली, किल्ली गळ्यातच आहे. मग काय झालं? काही नाही झालं, देत नाही.

हार्लननं तिच्याकडे बघितलं. त्या सकाळी पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, आणि तो राग होता.

"माझी वस्तू आहे ती. माझा परवाना आहे. मी पूल ओलांडून आलोय, विल्डा, वेस्ट व्हर्जिनियात उभा आहे."

"तू कुठं उभा आहेस ते मला दिसतंय."

"पलीकडच्यांनी माझा कागद मानला नाही, ते मी समजू शकतो. ते मला ओळखत नाहीत. आता तू पण मानत नाहीस?"

हे तिला लागलं. तेरा वर्षांत कमावलेलं नाव पणाला लागलं होतं, आणि हा माणूस खोटं बोलत नव्हता. देऊन टाकलं असतं तर कुणी तिला दोष दिला नसता. तिच्या नियमानं तिला दोष दिला नसता.

"कागद मानते रे," ती म्हणाली. "आज तुझा भरवसा वाटत नाही मला. तू स्वतःला काहीतरी करून घेशील."

असं तोंडावर आमच्याकडे कुणी बोलत नाही. हार्लनचा चेहरा पांढरा पडला. तो नाही म्हणाला नाही. तू वेडी आहेस असंही म्हणाला नाही. तो म्हणाला की ओपलच्या मैत्रिणीकडून ही अपेक्षा नव्हती, शेरिफला सांगेन. विल्डाबाई म्हणाली, सांग, आणि त्याला म्हणावं येताना दूध घेऊन ये. तो टोपी विसरून निघून गेला. गाडी पुलाकडे नाही, डोंगराकडे, घरच्या वाटेला वळली, तेव्हा तिला जरा हायसं वाटलं.

दोन वाजेपर्यंत वाटत राहिलं. आपण बरोबर केलं, लोक बोलतील, बोलू देत. मग एक तरुण गळवाला आला, गांडुळं घेताना त्यानं सहज विचारलं की हरणाच्या शिकारीच्या हंगामासाठी रायफलीच्या गोळ्या ठेवता का? पुढच्या महिन्यात हंगाम उघडतोय.

विल्डाबाईनं कपाळावर हात मारून घेतला. काय मूर्ख बाई! आयुष्य गेलं या खोऱ्यात, आणि एका पिस्तुलावर बसून राहिली, जसं काही हार्लनकडे तेवढंच होतं! आमच्याकडे स्वयंपाकघराच्या दारामागे झाडू असतो, झाडूशेजारी रायफल असते, आणि तिच्याकडे कुणी बंदूक म्हणून बघतच नाही. कमरेचं ते पिस्तूल, त्याला परवाना लागतो, ते पुलापलीकडे चालत नाही, म्हणून त्याची चर्चा. दारामागची ती नुसती घरातली वस्तू. तेरा वर्षं परवान्याच्या पिस्तुलांची राखण करून करून तिच्या डोक्यातून बाकीच्या बंदुका पार गेल्या होत्या. हार्लनकडे निदान तीन असणार.

तिनं फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. त्या तरुणाला तिनं दुकानाबाहेर काढलं, पैसेसुद्धा घेतले नाहीत, आणि दाराला कुलूप घातलं. नवऱ्याच्या दफनाचा दिवस सोडला तर भर दुपारी ते दार कधी बंद झालं नव्हतं. सकाळी स्वतःसाठी शिजवलेला घेवडा होता, त्याचं पातेलं तिनं मक्याच्या पावासकट पुढच्या सीटवर ठेवलं. कुणी गेलेल्या घरी रिकाम्या हातानं जात नाहीत, म्हणून ठेवलं. नऊ मैल चढण. वळणावळणावर पातेलं सरकत होतं आणि बाई एका हातानं ते धरून देवाला शिव्या देत होती. प्रार्थना तिला तशीच करता येते.

हार्लनची गाडी अंगणात होती. पुढचं दार बंद. तिनं हाक मारली. उत्तर नाही. दुसरी हाक मारताना तिचा आवाज फाटला. पातेलं पायरीवर ठेवून ती घराला वळसा घालून मागे धावली, एकाहत्तराव्या वर्षी जमेल तशी.

तो मागच्या पायरीवर बसला होता. मांडीवर ओपलचा स्वयंपाकाचा एप्रन होता, त्यात दाणे, आणि कोंबड्या पायाशी गोळा झाल्या होत्या. तो टाकायचं विसरला होता. त्याच्यामागे दार उघडं होतं आणि आत स्वयंपाकाच्या टेबलावर तीन रायफली ओळीनं मांडलेल्या तिला दिसल्या.

विल्डाबाई त्याच्याशेजारी धपकन बसली. कोंबड्या कलकलत होत्या. शेवटी तिनंच एप्रनमधले दाणे मुठीनं घेतले आणि टाकले.

"माझं पिस्तूल आणलंस?" त्यानं विचारलं.

"नाही. उरलेल्या न्यायला आलेय."

तिला वाटलं आता तो हाकलून देईल. त्यानं तळहातानं तोंड पुसलं. मग तो बोलायला लागला, कोंबड्यांकडे बघत. दुपारी घरी आल्यावर त्यानं रायफली टेबलावर काढून ठेवल्या, म्हणाला. साफ करतो असं स्वतःला सांगितलं. मग ओपलची बशी दिसली, ऑगस्टपासून तिथंच वाळत ठेवलेली. चोपन्न वर्षं त्या टेबलाशी ती समोर बसली होती. फोन वाजला तेव्हा तो टेबलाशीच होता. पुन्हा वाजला, तेव्हा तो उठून बाहेर आला, कोंबड्यांना दाणे घालतो असं म्हणून. तेव्हापासून आत जायला भीती वाटतेय.

"मीच केला होता फोन," विल्डाबाई म्हणाली.

"वाटलंच. दुसरं कोण इतका वेळ वाजवतं."

आणि मग तो रडला. मोठा माणूस रडतो तसा नाही, लहान मूल रडतं तसा, हुंदके देत, नाक गळत. विल्डाबाईनं त्याचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं. तिनं त्याला गप्प हो म्हटलं नाही. सगळं नीट होईल असंही म्हटलं नाही. तिला ठाऊक होतं की पुष्कळ दिवस होणार नाही. ती एवढंच म्हणत राहिली, "मी आहे. मी आहे रे."

ऊन कलायला लागलं तेव्हा ती आत गेली. एकेक रायफल तिनं स्वतः उघडून पाहिली, गोळ्या काढल्या, घरातल्या कपाटातले गोळ्यांचे डबेही काढले. तो आता आत येऊन दारात उभा राहिला होता. तिसरी रायफल त्याच्या वडलांची होती, दस्त्यावर त्यांच्या नावाची अक्षरं कोरलेली. ती मात्र विल्डाबाईच्या हातून त्यानं घेतली. त्यानं ती ओपलच्या गोधडीत गुंडाळली, दोन्ही टोकं नीट दुमडली, आणि स्वतःच नेऊन तिच्या गाडीच्या मागच्या सीटवर आडवी ठेवली.

"परत कधी देशील?" त्यानं विचारलं.

विल्डाबाईनं खरं तेच सांगितलं. "माहीत नाही. मागत राहा. मी नाही म्हणत राहीन. एक दिवस हो म्हणेन."

त्यानं मान हलवली. मग तो घरात गेला, दिवा मालवला, दार ओढून घेतलं. कोंबड्यांचं खुराडं लावलं. विल्डाबाई गाडीत बसून किल्ली फिरवणार, तेवढ्यात पलीकडचं दार उघडलं. हार्लन दारात वाकून उभा होता, हातात घेवड्याचं पातेलं.

"विल्डा," तो म्हणाला, "मुलगी येईपर्यंत मलाही ठेवून घेशील?"

"बूट पूस आणि बस," ती म्हणाली. "आणि ते पातेलं सरळ धर."